क्वारी ते अपर मरिंगा हा दांडा आणि माझी इतर किरकोळ मालमत्ता

मी, क्लेटन रसेल पेंडर, वय चोवीस, मूळ राहणार बेलब्राय, व्हिक्टोरिया, सध्या मुक्काम पिलबरातल्या लोखंडाच्या खाणीचा कॅम्प, काम डंपर चालवणे, हे मृत्युपत्र कोणाच्या सांगण्यावरून नाही तर आपल्या मनानं आणि आपल्या हातानं लिहून ठेवतो. डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरचा दाखला नाही, पण आज सकाळी नळीत फुंकायला लावून मला डंपरवर चढू दिलं, तोच पुरावा समजावा. शाळा नववीत सोडली. चुका असतील तिथं अर्थ धरावा, अक्षर धरू नये.

मरायची घाई नाही. शेजारच्या खोलीतला कीरन जूनमध्ये ढिगारा अंगावर खचून वारला. त्याची गाडी अजून पर्थ विमानतळावर उभी आहे, कोणी न्यायची ते ठरत नाही. माझं तसं नको.

१. याआधी एक मृत्युपत्र बिअरच्या खोक्यावर केलं होतं, त्यात कॅम्पातला माझा दोस्त टविता याला माझे बूट दिले होते. ते रद्द. त्याच्या पायात ते शिरतही नाहीत.

२. हे सगळं पार पाडायचं काम माझी बहीण ब्रॉन्विन, म्हणजे ब्रॉनी, हिनं करावं. तिला विचारलेलं नाही. विचारलं तर नाही म्हणेल.

३. माझी गाडी ब्रॉनीला. रिव्हर्स पडत नाही, म्हणून उतारावर लावत जावी.

४. बँकेतली शिल्लक आणि खाणीकडून विम्याचं जे येईल ते सगळं आई, लोरेन पेंडर, हिला. तिनं त्यातून चहाच्या दुकानाचं छप्पर करून घ्यावं. दुकान अपर मरिंगाला, आमची वाफेची गाडी जिथं संपते त्या फलाटावर आहे. गाडी जुनी रेल्वे जपणाऱ्या सोसायटीची आहे, चालवणारे सगळे हौशी, बिनपगारी. ती वर्षातून काही शनिवार-रविवार धावते. तेव्हा पोराबाळांची कुटुंबं आणि गळ्यात कॅमेरे अडकवलेली माणसं वर येतात, इंजिन पाणी घेतं तोवर आईकडं चहा आणि जॅम लावलेले स्कोन घेतात. येत होती, असं लिहायला पाहिजे. कारण कलम सहामध्ये आहे.

५. बाबांचं कोळशाचं फावडं ब्रॉनीला. ती सात नंबरच्या इंजिनावर फायरमन आहे, भट्टीत कोळसा टाकते. फावडं तिनं वापरावं. हॉबडे सरांनी ते काचेच्या कपाटात ठेवायला मागितलं तर देऊ नये. सर सोसायटीचे अध्यक्ष आहेत, त्याआधी आमच्या शाळेचे मुख्याध्यापक होते. माझी-त्यांची ओळख दोन्हीकडून आहे.

६. दांडा. वीतभर लांब, लाकडाचा, वर पितळी पट्टी, पट्टीवर कोरलेलं आहे: क्वारी ते अपर मरिंगा. क्वारी हे मधलं स्टेशन, त्याच्या पुढं जायला-यायला एकच रूळ आहे. दांडा ज्याच्या हातात त्याचीच गाडी त्या रुळावर जाणार, दुसरी कुठलीच नाही.

ईस्टरच्या शनिवारी बाबा, रसेल पेंडर, सात नंबर चालवत होते. संध्याकाळी वरून खाली येताना क्वारीला दांडा सिग्नलवाल्या नेव्हच्या हातात द्यायचा असतो. त्या दिवशी त्यांनी तो कोटाच्या आतल्या खिशात घातला आणि तसेच खाली बेलब्रायला, गाडी सुटते त्या स्टेशनात, आले. छातीत दुखत होतं हे कोणाला बोलले नाहीत. फलाटावरूनच ॲम्ब्युलन्समध्ये घातलं. पहाटे गेले.

रविवारी गाडी भरून निघाली आणि क्वारीला अडली. दांडा नाही. मी इथं कॅन्टीनमध्ये अंडी खात होतो. फोन सरांचा.

"क्लेटन, तुझ्या बाबांनी दांडा कुठं ठेवला असेल रे?"

"त्यांनाच विचारा की."

"अरे, गाडी भरून लोक बसलेत. पोरं रडायला लागली."

"मग बाबांना हाक मारा. कुठंयत ते?"

मागं इंजिनाची जादा वाफ सुटल्याचा आवाज येत होता.

"तुला आईचा फोन नाही आला?"

मला असं कळलं. आईचा फोन नंतर आला. मी अंडी संपवली. का, ते सांगता येणार नाही.

मी घरी पोचल्यावर हॉस्पिटलनं बाबांचे कपडे पिशवीत घालून माझ्या हातात दिले. दांडा कोटातच होता. अंत्यविधीला चहाच्या वेळी नेव्ह म्हणाला, "रसेलनं जन्मात एकदाच दांडी मारली, ती पण दांडा घेऊन." सगळे हसले. आईसुद्धा हसली. मीही हसलो असेन. मग सर जवळ आले.

"तो तुझ्याकडं आहे म्हणे."

"आहे."

"ठेव मग इथं."

"नाही देणार."

"क्लेटन, वर्गात खडू लपवायचास तसलं हे नाही."

"माहीतंय मला."

दांडा बॅगेत घालून मी इकडं आलो. लपवलेला नाही, पलंगाखाली आहे, सगळ्यांना माहीत आहे. सोसायटीला नवा करता येत नाही. जुना कुठंतरी कोणाच्या हातात असताना दुसरा केला तर कधीतरी दोन गाड्या समोरासमोर येतील, म्हणून रेल्वेचा तपासनीस परवानगी देत नाही. तेव्हापासून गाडी क्वारीपर्यंत जाते आणि परत फिरते.

आमच्याकडं ड्रायव्हर गेला की त्याची राख क्वारीच्या पुढच्या चढावर इंजिनाच्या भट्टीत टाकतात, फावड्यानं, आणि एक लांब शिट्टी देतात. बाबांची राख ब्रॉनीच्या लॉकरमध्ये डब्यात आहे. आई फोनवर म्हणते, "तो वर येईल तर इंजिनातूनच येईल. मोटारीनं आणू नका." एवढंच म्हणते. दे असं कधी म्हणाली नाही.

म्हणून माझ्या पश्चात दांडा ब्रॉनीला द्यावा, आणि तिनं पहिल्याच गाडीला बाबांना वर न्यावं.

७. हॉबडे सरांना काही नाही. राग आहे असंही नाही. शोधला, सापडला नाही. तरी काही नाही.

इथपर्यंत लिहून साक्षीसाठी टविताला बोलावलं. साक्षीदारानं मजकूर वाचायचा नसतो असं मी सांगितलं, त्यानं सगळा वाचला.

"म्हणजे आईनं चहाचं पाणी उकळत ठेवायचं आणि तू मरायची वाट बघायची," तो म्हणाला.

"तसं नाही लिहिलेलं."

"मग कसं लिहिलंय? गाढवा, तू सत्तरीपर्यंत टिकलास तर म्हातारी काय करील?"

त्यानं पलंगाखालून दांडा काढला. "गुरुवारी मी सुटीवर चाललोय. आण, पोचवतो."

"असा नाही देता येत."

"का? सोन्याचा आहे?"

मग त्याला आमची रीत सांगितली, ती इथं नोंदवतो. दांडा कुठं ठेवून जायचं नाही, फेकायचा नाही, तिऱ्हाइताबरोबर धाडायचा नाही. लाइनवरच्या एकानं लाइनवरच्या दुसऱ्याच्या हातात द्यायचा. पट्टीवरचं देणारा मोठ्यानं वाचतो, मग घेणारा वाचतो, त्यानंतरच देणारा हात सोडतो. बाबांनी मला हे घरी काटकीवर शिकवलं होतं.

"मग तू मेल्यावर कोण वाचणार?" टवितानं विचारलं.

ते मी धरलं नव्हतं.

८. सबब कलम सहाचा शेवटचा परिच्छेद रद्द. दांडा मृत्युपत्रानं देता येत नाही, देणारा जिवंत लागतो. ऑक्टोबरच्या शनिवार-रविवारी गाडी आहे. रजेच्या अर्जात कारण 'वडिलांचा मृत्यू' लिहिलं. ऑफिसातली बाई म्हणाली, "ती रजा तुम्ही एप्रिलमध्ये घेतलीत." खोडून 'दांडा' लिहिलं. तिनं शिक्का मारला.

क्वारीला ब्रॉनी इंजिनावरून हात खाली करेल. मी वाचेन, ती वाचेल, मी हात सोडेन. गाडीत जागा असली तर वर जाईन. बाकीची कलमं कायम.

हे वरीलप्रमाणे माझं म्हणणं आहे, शुद्धीत लिहिलं आहे, खाडाखोड माझीच आहे.

सही: क्लेटन आर. पेंडर
ठिकाण: खोली नंबर सी-४१, खाण कॅम्प, पिलबरा
ता. ९ सप्टेंबर २०१८

आम्ही दोघांनी त्याला सही करताना पाहिलं आणि त्याच्यासमोर आमच्या सह्या केल्या. आम्हाला यातलं काही मिळणार नाही.

साक्षीदार १: टविता लेआउपेपे, एक्स्कॅव्हेटर चालक (बूटही नाहीत)
साक्षीदार २: ग्लेनिस मर्टा, कॅन्टीन