भित्रा ट्रम्पेटवाला

३ मार्च, सोमवार
श्रोता मंडळाच्या सेक्रेटरीबाईंचा फोन. रविवारच्या बैठकीत एका जुन्या रेकॉर्डिंगचं रसग्रहण मी करायचं आहे. एकटा ट्रम्पेट आणि त्याच्या साथीला अख्खा ऑर्केस्ट्रा. मंडळाचं अध्यक्षपद रिकामं आहे, हेही त्यांनी सहज सुचवलं. अर्थात! कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर माझ्या कानाचा दाखला द्यायच्या. मंडळातल्या बाकीच्या बायका नुसत्या माना डोलावतात.
संकल्प: रोज संपूर्ण ऐकायचं. एका जागी बसून, डोळे मिटून.

४ मार्च, मंगळवार, सकाळ
लेकाने दिलेला हेडफोन लावला. पाच मिनिटांत उठले. खिडकी लावली. बसले. वायर खुर्चीत अडकली. उठले. ऑर्केस्ट्रा झकास. ट्रम्पेट कुठाय? येईल.

दुपारी
आला. पण जिन्याखाली उभं राहून वाजवल्यासारखा.

६ मार्च, गुरुवार
पुन्हा ऐकलं, येरझाऱ्या घालत. माझं लक्ष चालतानाच लागतं. निष्कर्ष: हा माणूस भित्रा आहे. कव्हरवरच्या फोटोत मात्र छाती काढून उभा.
जेवताना हे म्हणाले, एकदा कान दाखवून घे. निदान तसंच काहीतरी म्हणाले. माझ्या डाव्या हाताला बसून पुटपुटायची यांची सवय. सुनावलं, की तोंड उघडून बोलायला पैसे पडत नाहीत.

७ मार्च, शुक्रवार
यांनी हेडफोन लावून पाहिला. डोळ्यांत पाणी. म्हणे, काय फुंकतोय गं हा! यांना संगीतातलं ओ की ठो कळत नाही.

८ मार्च, शनिवार
भाषण तयार. सूनबाई म्हणाली, आई, जरा सौम्य करा ना. भित्र्याला भित्रा म्हणायला मी कुणाची भीड धरू?

९ मार्च, रविवार
बोलले. हा वाजवतोय की माफी मागतोय, असा थेट सवाल केला. सभागृह चिडीचूप. प्रभाव!
मग सेक्रेटरीबाईंनी तेच रेकॉर्डिंग हॉलच्या स्पीकरवर लावलं. पहिल्याच फुंकीला खिडक्यांच्या काचा थरथरल्या. मागे कुणीतरी खुदकन हसलं.
स्पीकरवाल्याने ट्रम्पेट मुद्दाम वाढवला होता. उघड कारस्थान. अध्यक्षपद बँकेतल्या रिटायर्ड बाईंना. त्या मान फार छान डोलावतात.

१० मार्च, सोमवार
कारस्थानाचा पुरावा हवा म्हणून हेडफोन चढवला. रागाच्या भरात उलटा, डावी बाजू उजव्या कानावर. आणि ट्रम्पेट! खणखणीत, बेदरकार, अंगावर काटा आणणारा. पण ऑर्केस्ट्रा पसार.
सुलटा घातला. ऑर्केस्ट्रा हजर, ट्रम्पेट जिन्याखाली.
उलटा. सुलटा. परत उलटा.
मग डाव्या कानाशी टिचकी वाजवून पाहिली. बराच वेळ वाजवली.
रेकॉर्डिंग आज प्रथमच न उठता संपूर्ण ऐकलं. एकदा ऑर्केस्ट्राचं, एकदा ट्रम्पेटवाल्याचं. तो भित्रा नाही.
रात्री जेवताना हे काहीतरी म्हणाले. मी म्हटलं, उठा, इकडे उजवीकडे येऊन बसा, आणि आता परत म्हणा. ताट उचलून आले, बसले. मी मनाची तयारी केली.
खणखणीत आवाजात म्हणाले, मीठ दे.