उपाशी ठेवायचं झाड

बाबा, मिरजोळ्याच्या आपल्या परसात, विहिरीपलीकडच्या कातळावर, मी पुन्हा तुमचं ते प्रोटियाचं फुलझाड लावलंय. आई आता थकली आहे आणि तिचं एकच पालुपद चालू असतं, "तुझ्या बाबांनी सांगितलेलं ते फूल एकदा डोळ्यांनी बघायचंय गो." बोटीवरच्या नोकरीत असताना तुम्ही केपटाऊनहून त्याच्या बिया आणल्या होत्यात. भाताच्या रोपांचा तरवा पेरण्याआधी जमीन भाजतात तशी तुम्ही पालापाचोळा पेटवून ती जागा भाजलीत. शेजारी हसले, पण बिया रुजल्या. पावसाळ्यात तुम्ही त्या एवढ्याशा झाडावर पत्र्याचं छप्पर केलंत, तेव्हा आई म्हणाली होती, माझं नाही कधी इतकं कौतुक केलंत.

बऱ्याच वर्षांनी पहिली कळी आली आणि झाड वाळायला लागलं. तुम्ही पानं उलटी करून बघताय, मुळाशी माती उकरताय, बोटं हुंगताय आणि वळून स्वयंपाकघराकडे बघताय, हे मला अजून दिसतं. मासळी धुतलेल्या पाण्याचा वास होता तो. नारळाला, कढीलिंबाला, अबोलीला घालते तसं आई ते तुमच्या झाडालाही घालत होती, तुमचं म्हणून जरा जास्तच. त्या संध्याकाळी चुलीपुढून तिनं विचारलं, "कशानं गेलं हो?" तुम्ही भाकरी मोडत म्हणालात, "आपला पाऊस नाय सोसला त्याला." मग मला विहिरीवर नेऊन बजावलंत, "ह्या झाडाला खत म्हणजे विष. पण आईला बोलू नको हां बाय, जिवाला लावून घेईल." तुमचे डोळे भरले होते. मला मात्र तुमचा रागच आला. इतकी मेहनत मातीत गेली आणि तुम्ही साधं ओरडलाही नाहीत.

आता माझ्या झाडानं कळी धरली आहे. परवा बघते तर आई भिंतीला धरत धरत, बांगडे धुतलेल्या पाण्याचं पातेलं घेऊन कातळाकडे निघालेली. "आई, त्याला नको!" मी ओरडले.

"का गो? बाबांचं झाड ते. उपाशी ठेवतेस काय त्याला?"

सांगितलं तर फूल वाचेल. पण तुमचं झाड तिच्याच हातानं गेलं, हे तिला या वयात कळेल. तोंडाशी आलेलं मी गिळलं. मासळी स्वतः धुऊन पाहिली, पातेलं लपवून पाहिलं, तर तिनं बादली घेतली. पानांच्या कडा काळ्या पडायला लागल्या आहेत. फार एकटं वाटतं हो, बाबा. तुम्ही हवे होतात.

हे पत्र कुठे पाठवणार? पण एक सांगायचं राहिलं. काल तिला ती बादली उचलवेना. दारात उभी राहून ती माझ्याकडे नुसती बघत राहिली. मग मीच ती नेली आणि तिच्या देखत सगळं पाणी झाडाच्या मुळाशी ओतलं.