नदीचे गोटे आणि ड्वेनचा ट्रक

व्हरमाँट, १२ सप्टेंबर

चि. मेरिल यास अ. उ. आ.

घर तापवायच्या गॅसचा ट्रक काल आपल्या चढावरून अर्ध्यातूनच माघारी गेला. ड्रायव्हर ड्वेन स्वतः धापा टाकत वर येऊन सांगून गेला, की आजी, रस्त्यात घळ पडलीय, रस्ता नीट होईपर्यंत मी काही चढत नाही. टाकीतला गॅस थंडी सुरू होईतोच पुरेल. गेलला तेवढंच हवं होतं. आई, आता घर वीक आणि माझ्या शेजारच्या फ्लॅटमध्ये ये, तिथं लिफ्ट आहे, म्हणते. लिफ्टनं मला जायचंय कुठे? तू जन्मभर रस्ते बांधलेस, आता बहिणीसाठी डोकं चालव.

तुझी, अजून टेकडीवरच असलेली,
लोर्नाताई


मेन, १९ सप्टेंबर

ती. लोर्नाताईस सा. न. वि. वि.

पानगळीत मेपलची सगळी पानं तू रस्त्याकडेच्या चरात लोटतेस, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. चर बुजला, की पाणी रस्त्यावरूनच धावणार. चर उपस, रस्त्याखालच्या मोरीचं तोंड मोकळं कर. घळ भर आणि रस्ता मधोमध जरा उंच ठेव, म्हणजे पाणी दोन्ही कडांना ओघळेल. फावडं मात्र गेलच्या हाती दे. घर विकायला निघालीय, आधी राबू दे.

लोभ आहेच, तो पत्रांतून कळू दे.
तुझा मेरिल


व्हरमाँट, ६ ऑक्टोबर

चि. मेरिल यास अ. उ. आ.

गेल कुरकुरत आली आणि चिखलानं माखून गेली. परवा धो धो पाऊस झाला, तर सगळं पाणी शहाण्यासारखं चरातून गेलं. तेव्हापासून बाईसाहेब रोज फोन करून ‘आपल्या चरा’ची खुशाली विचारतात. पार्सलवाल्यानं चराच्या कडेवर गाडी घातली, तर त्याला काय झापलंन! फ्लॅटचा विषय हल्ली निघत नाही.

तरी काल ट्रक वळणावर घसरलाच. तिथं तू माझ्या वाढदिवसाला आणलेले नदीचे गुळगुळीत गोटे आहेत ना? ड्वेन म्हणाला, आजी, हे चाकाखाली पोरांच्या खेळातल्या गोट्यांसारखे पळतात, एकमेकांत रुतून बसणारी फोडलेली खडी टाका. ते कुणी आणले, हे मी त्याला सांगितलं नाही. गेलनं सांगितलं, आणि दोघं पोट धरून हसली.

खडी गुरुवारी येतेय. तूही त्याच दिवशी ये, दाताळं घेऊन, आणि आपले गोटे परत ने. शुक्रवारी ड्वेन पुन्हा ट्रक घालून बघणार आहे. गेलनं रजा काढलीय. वळणावर उभं राहून हातानं खुणा करत ट्रक वर घेण्याचं काम मामालाही द्यायचं नाही, असं तिनं बजावलंय.

वाट बघणारी,
लोर्नाताई