काळा धूर

११ ऑगस्ट, मनीषनगर

संध्याकाळी चहा घेताना बाबांना मोबाइलवर ब्रिटनमधली वाफेच्या इंजिनाची शेवटची गाडी दाखवली. ती १९६८ साली आजच्याच तारखेला धावली होती, म्हणून कुणीतरी जुनं चित्रण टाकलंय. इंजिनानं काळा धूर सोडला की रुळांकाठची माणसं खूश होऊन हात हलवत होती. बाबा चिडलेच. "काहून एवढा काळा सोडून राहिला हा फायरमन? कोळसा वाया जाते ना!" स्वतः रेल्वेत इंजिनात कोळसा टाकणारे फायरमन होते. काळ्या धुरापायी ड्रायव्हरची किती बोलणी खाल्लीत त्यांनी. उगाच दाखवलं का मी?

पण मग त्यांनीच तीनदा लावायला सांगितलं. तिसऱ्यांदा तोच काळा धूर आला, तर चक्क हसले.

"सोडू दे वं त्याले. उद्यापासून कोण रागावते?"