सोमवारची गोळी

प्रिय अण्णा,

आज आत्याचा रिपोर्ट आला. चांगला आला! घरात सगळ्यांना सांगून झालं, पण ज्यांना सगळ्यात आधी सांगायचं ते तुम्हीच नाहीत. म्हणून हे पत्र.

तुम्ही गेलात आणि वर्षाच्या आत तुमच्या धाकट्या बहिणीला रक्ताचा कर्करोग निघाला. या प्रकारावर आता रोजची एक गोळी आहे, जेवण करून घ्यायची. आत्या घेत होती, सुधारत होती, आणि मध्येच रक्तातल्या पांढऱ्या पेशी पुन्हा वाढल्या. मी सेलूहून तशीच तिच्याकडे वालूरला गेले.

"आत्या, गोळी रोज घेतेस ना?"

"घेते की. सोमवार, प्रदोष सोडून."

"सोडून?"

"आगं, निरंकार उपास असतो! उपाशी पोटी खायची न्हाई म्हनले डाक्टर. येवढी शिकलेली तू, तुला कळंना व्हय?"

मी कपाळाला हात लावला.

अण्णा, मी कॉलेजात काय शिकवते ते तुम्हाला कधी नीट सांगितलंच नाही. "पेशी डोळ्यानं दिसत्यात तरी का?" म्हणून तुम्ही हसायचात, मी विषय बदलायची. का बदलायची? तुम्हाला तर चटकन कळलं असतं! तुम्ही खतातून रानाला द्यायचात ते फॉस्फेट आपल्या पेशीतही असतं. एक विकर, म्हणजे एन्झाइम, ते उचलून प्रथिनाला चिकटवतं, प्रथिनाचा आकार बदलतो आणि ते कामाला लागतं. यालाच फॉस्फोरिलेशन म्हणतात. दुसरं विकर ते काढून घेतं, की काम थांबतं. हिरवं बटण, लाल बटण.

आत्याच्या रक्तातलं एक विकर बिघडलंय. ते चिकटवतच राहतं, आणि पेशी वाढतच राहतात.

हे तिला कसं सांगू? मग आपली मोटार आठवली.

"आत्या, विहिरीवरचा स्टार्टर चिकटला होता, आठवतं?"

लाल बटण दाबून तुमचा अंगठा दुखला, तरी मोटार बंद होईना. हरभऱ्यात पाणी तुंबलं. शेवटी तुम्ही पेटीतले फ्यूज उपसलेत आणि कुणी परत बसवू नयेत म्हणून उशाला घेऊन झोपलात!

"गोळीचं तसंच आहे," मी म्हणाले. "विकर जिथून फॉस्फेट घेतं ती जागाच गोळी अडवून धरते. पण बिघाड जात नाही. सोमवारी गोळी नाही, म्हणजे सोमवारी तू फ्यूज परत बसवतेस."

आत्यानं गोळ्यांचं पाकीट हातात घेतलं. मग म्हणाली, "दादानं फूज उपसले तवा वार इचारला व्हता का कुनाला?"

"आणि उपास?"

"महादेव काय तुज्या डाक्टरापेक्षा कडक हाय व्हय? भगर चालती त्याला." आणि उठून तिनं चुलीवर आधण ठेवलं.

त्यानंतरचा हा पहिला रिपोर्ट, अण्णा. पेशी उतरल्या! तुम्ही असतात तर पेढे घेऊन गावभर फिरला असतात.

दर सोमवारी सकाळी मी तिला फोन करीन. भगर खाल्ली, गोळी घेतली, हे तिच्या तोंडून ऐकल्याशिवाय ठेवणार नाही. तिच्या शिव्या खाईन. पण फ्यूज आता माझ्या उशाला आहेत. तुम्ही निवांत झोपा.

तुमची,
शैला