जिवंत माणसाचा शोक

तेरेक दरी,
२० ऑक्टोबर

सायकाल एजे,

थोरल्या बहिणीला धाकटीचा सलाम. आम्ही सगळ्या बऱ्या आहोत. खिंडीत बर्फ पडायला लागलंय, घोड्या खाली आणल्या. आईचे गुडघे दुखतात, जीभ मात्र शाबूत आहे. बात्मा आजी अजून लोकरीचा नमदा लाटताना आमच्यावर खेकसते.

नऊ वर्षांत हे पहिलं पत्र. इथून पळणारा मेला, हा आपल्या जमातीच्या हजरतचा कायदा तुला पाठ आहे. मेलेल्याशी बोलायचं नाही, त्याला नान द्यायचा नाही, त्याचं नाव घ्यायचं नाही. तू पळालीस त्या दिवशी त्यानं आम्हाला तंबूत भिंतीकडे तोंड करून बसवलं आणि तुझा शोक गायला लावला. आईनं खरोखर गाल ओरबाडले. तुझी लेक अयपेरी त्याच्याच घरात कोंडलेली होती. तू तिला का नेऊ शकली नाहीस, हे मला कुणी सांगायला नको.

त्यानंतर मी त्याच्या मोठ्या घरात राहायला गेले. तिथलं नंतर लिहिते.

अयपेरी आता चौदाची आहे. नाक तुझं, हट्टही तुझाच. उन्हाळ्यात हजरतनं जाहीर केलं, देवानं ही मुलगी त्याची बायको म्हणून नेमली आहे. देव त्याच्याच कानात बोलतो ना. खालच्या गावांतली वडीलधारी मंडळी त्यानं लग्नाला जेवायला बोलावली, कारण त्यांच्याच मेंढ्यांवर आमच्या जमातीचं पोट चालतं. आमचे पुरुष माना डोलावून मोकळे झाले.

नमदा लाटता लाटता बात्मा आजी म्हणाली, "शोक चालू असला की बायकांना कुणी अडवत नाही. हजरतसुद्धा नाही." पुढचं तिला सांगावं लागलं नाही.

लग्नाच्या दिवशी पाहुणे घोड्यांवरून उतरत होते. आम्ही सगळ्या तंबूत शिरलो, भिंतीकडे तोंड केलं, कमरेवर हात ठेवले आणि हंबरडा फोडला. रिवाजाप्रमाणे पाहुणे रडत धावत आले आणि कोण गेलं म्हणून विचारू लागले.

"तोकतोसुन गेला," आजी म्हणाली.

हजरतचं आईबापांनी ठेवलेलं नाव. ते या दरीत कुठल्याच बाईनं कधी उच्चारलं नव्हतं. तो लग्नाचा पांढरा झगा घालून दारातच उभा होता. गप्प बसा म्हणून ओरडला. आजीनं मान वळवली नाही. "मढं बोलत नसतं," म्हणाली, आणि सूर माझ्याकडे दिला.

एजे, मग मी गायले. शोकात गेलेल्याचे गुण सांगतात, तसे सांगितले. तू पळालीस त्याच दिवशी, एका बहिणीचं देणं दुसरीनं फेडायचं असं म्हणून त्यानं मला मोठ्या घरात ओढत नेलं, ते गायले. झऱ्यामागे माझी दोन बाळं पुरली आहेत. त्यानं सुईण येऊ दिली नाही म्हणून गेली. तेही गायले. माझ्यामागून दुसरीनं सूर उचलला, मग तिसरीनं. आमचे पुरुष पायांतल्या जोड्यांकडे बघत राहिले. पाहुण्यांतला सगळ्यांत म्हातारा हजरतला म्हणाला, "खोटं असेल तर यांतल्या एकीच्या तोंडावर सांग." त्यानं झगा सावरला आणि पाठ फिरवली. पाहुणे न जेवता गेले, मेंढ्याही घेऊन गेले.

मग आम्ही त्याचाच कायदा पाळला. चूल नाही, नान नाही, शब्द नाही. त्याचे चेले एकेक करून खाली उतरले; स्वतःच्या हातचं खाणं त्यांना झेपेना. एका सकाळी तो माझ्या दाराशी आला. ओठ फुटले होते. "बुरुल, चहा दे गं," म्हणाला. मी चहा ओतला, निववला आणि कुत्र्यापुढे ठेवला. कुत्र्यानं त्याच्या देखत वाटी चाटूनपुसून साफ केली. इतकं बरं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

तो चालत खिंडीकडे गेला. पोचला की नाही, मी कुणाला विचारलेलं नाही. आई अजून त्याच्या वाटणीचा नान झाकून ठेवते आणि माझ्याशी बोलत नाही. न बोलो.

अयपेरीला तू मेलीस असंच सांगितलेलं होतं. खरं कळल्यावर ती रडली नाही, तुझ्यावर चिडली. हे पत्र तिच्याच हाती देतेय. तुझं वाचून होईपर्यंत ती दाराबाहेर उभी राहील. हाक मारलीस तरी आत येणार नाही. तू बाहेर जा.

तोकतोसुनची विधवा,
बुरुल