बालगृहाच्या कौलांसाठी लग्न

९ नोव्हेंबर १९१९
पेन्शनीत गेल्यावर काय करणार, असं कचेरीतले लोक खवचटपणे विचारत होते. आज उत्तर मिळालं. मंगळवार पेठेतल्या अनाथ बालगृहाचा मी सेक्रेटरी झालो. नेमणूक कमिटीने एकमताने केली. कमिटीत सध्या मी एकटाच आहे.
इन्फ्लुएंझाच्या साथीत आईबाप गेलेली अकरा मुलं. चिमणाबाई नावाची विधवा बाई त्यांना सांभाळते. छप्पर गवताचं. गेल्या पावसात मुलं डोक्यावर ताटं धरून बसली होती म्हणे. मिरगाच्या आत कौलं घालायची आहेत. दोनशे रुपये लागतील. सोपं काम आहे.

१६ नोव्हेंबर
अपील छापून घेतलं. शंभर प्रती, जाड कागद. वर मोठ्या टाइपात: गुप्तदान हेच श्रेष्ठ दान. देणाऱ्याचं नाव कोणालाही कळणार नाही, अशी हमी दिली आहे.

३० नोव्हेंबर
जमा काही नाही. गूळवाले शिवाप्पा म्हणाले, नावच कळणार न्हाय तर दिलं काय, न दिलं काय, सारखंच की. मी न देताच गुप्त ऱ्हातो. श्रीमंत माणूस, पण विचार उथळ.
चिमणाबाई म्हणाली, भाऊ, तुमचा कागुद झ्याक हाय, भितीच्या फटीत घातला तर वारं थांबलं. म्हणजे अपिलाचा परिणाम दिसू लागला.

७ डिसेंबर
शेजारी लग्नाला गेलो. आहेर पुकारायला मौलालीभाई. आवाज असा की रंकाळा तळ्यापर्यंत जावा. हुपरीच्या रुद्रय्या पावण्यांचा आहेर रोख दोन रुपये, असं तो ओरडला, तशी रुद्रय्यांची मान ताठ झाली आणि शेजारच्याने लगेच अडीच काढले. मी जेवता जेवता थांबलो. माणूस हाताने देत नाही, कानाने देतो. हे आजवर कोणाच्या लक्षात कसं आलं नाही?

२१ डिसेंबर
बालगृहासमोर मांडव घातला. मौलालीभाई स्टुलावर. प्रत्येक नाव तीनदा. शिवाप्पांनी पाच रुपये दिले, नाव ऐकलं, आवडलं, आणि आणखी पाच देऊन पुन्हा ऐकलं. हुपरीहून रुद्रय्याही येऊन घालून गेले. एकूण एकशे ऐंशी. यश.
चिमणाबाई कानाशी येऊन म्हणाली, भाऊ, ह्यो आहेर झाला. आहेर फेडाय लागतोय. मी हसलो. बिचारी शिकलेली नाही.

१ फेब्रुवारी १९२०
शिवाप्पांच्या पुतणीची लग्नपत्रिका आली. चक्क बालगृहाच्या नावे. केवढी आपुलकी. सगळी मुलं घेऊन गेलो. जेवणं झाल्यावर मौलालीभाईने पुकारलं, मंगळवार पेठेच्या बालगृहाचा आहेर... आणि गप्प राहिला. सगळा मांडव माझ्याकडे बघू लागला. शिवाप्पा हळूच म्हणाले, शेक्रेटरी, आमी धा घातल्यात, अकरा तरी येतील की.
दिले. केवळ अपवाद म्हणून.

२ मार्च
अपवाद चौदा झाले. रुद्रय्यांनी लेकाचं वैशाखातलं लग्न मुद्दाम अलीकडे ओढलं, असा मला संशय आहे. शिल्लक नऊ रुपये.
फेड बंद करण्याचा ठराव मांडला. कमिटीने मंजूर केला. दुपारपर्यंत चिमणाबाईशी पाणवठ्यावर कोणी बोलेना, वाणी मुलांना दारात उभं करेना. ठराव मागे घेतला.

२० मार्च
शिल्लक संपली. मिरग अडीच महिन्यांवर. चिमणाबाईला धीर द्यायला गेलो, तर तीच म्हणाली, घोर नगा लावून घिऊ भाऊ. आता आपलंच त्यांच्याकडं निघतंय. पर आपल्या घरात लगीन हुयाला पायजे.

२१ मार्च, पहाटे
विचार केला. मुलांत सगळ्यात मोठी नऊ वर्षांची. चिमणाबाई अडतीस. मी विधुर, पंचावन्न, दिसतो पंचेचाळीस. पुनर्विवाहाला दरबारचा कायदा अनुकूल आहे. संस्थेसाठी हा त्याग मी करीन. ती भाऊ म्हणते, तो केवळ आदर.

२८ मार्च
जरीचा फेटा घेतला. मिशीला कलप. हात काळे झाले, पण मिशी उत्तम.

४ एप्रिल
चिमणाबाईला सांगितलं, की बालगृहात लग्न व्हावं आणि वराचा प्रश्न माझ्या मते सुटलेला आहे. ती बराच वेळ ज्वारी निवडत राहिली. भावना अनावर झाल्या असाव्यात. मग म्हणाली, करूया की भाऊ, अक्षय तृतीयेला. पत्रिका तुमीच लिवा, तुमचं अक्षर चांगलं हाय. नवऱ्याची जागा मोकळी सोडा.
लाजली.

२१ एप्रिल, अक्षय तृतीया
सकाळी फेटा बांधून गेलो. मांडव भरलेला. बोहल्यावर एक बाहुला आणि एक बाहुली. चिंध्यांची, हातभर उंच. मुलं वऱ्हाडी.
शिवाप्पा म्हणाले, चिमणाबाई, ह्ये काय ग? बाहुल्यांच्या लग्नाला आहेर व्हय?
ती म्हणाली, पावणं, आमच्या घरात एवढीच माणसं हाईत. तुमच्या घरातल्या मोठ्या माणसांस्नी आमी मोठा आहेर केला, तवा उंची मोजली न्हवती.
मांडवात हसू फुटलं. शिवाप्पांनी बारा काढले. मौलालीभाईने ते पाच वेळा पुकारले. मग नाही म्हणायची कोणाची टाप नव्हती. दोनशे सोळा.
मी पुढे झालो, तर चिमणाबाई म्हणाली, भाऊ, बरं झालं आलासा, आंतरपाट धरा. दोन्ही टोकं मीच धरली, गुडघ्यांवर बसून. नवरदेवाला मुंडावळ्या कमी पडल्या, म्हणून माझ्या फेट्याची जर थोडी सोडून घेतली.

१६ मे
कौलं चढली. मुलं खाली उभी राहून वर बघत होती, आणि मधली एक विचारत होती की आता ताटं जेवायलाच घ्यायची का.
वार्षिक रिपोर्टात लिहिलं: योजना सेक्रेटरीची.
कलप उतरला आहे. चिमणाबाईने चहा दिला, माझ्या मिशीकडे बघितलं आणि म्हणाली, आता कसं भाऊ दिसतासा.
चहा गोड होता. गुडघे अजून दुखताहेत.